पंख्याचं विमान म्हणजे जुनं विमान? (मोपा, दाबोळी आणि इंजिनांविषयी थोडं सविस्तर)

हँगरकाका, वास्को (धागाकर्ते)

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जळगावला लग्नाला जायचं ठरलं म्हणून घरच्यांची तिकिटं काढली. विमान एटीआर ७२, म्हणजे बाहेर सहा-सहा पात्यांचे दोन पंखे दिसणारं. विहीणबाईंनी फोटो पाहिला आणि सांगून टाकलं, असल्या जुन्या विमानात मी बसायची नाही. नात्यातल्या दोघातिघांनी लगेच त्यांची री ओढली. जेट म्हणजे नवं आणि पंखा म्हणजे जुना जमाना, हे मी फार ठिकाणी ऐकतो. आधी नौदलात आणि मग नागरी हँगरमध्ये इंजिनं खोलण्या-जोडण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे हा गैरसमज मला मनापासून खटकतो.

आपण ज्याला जेट म्हणतो ते एअरबस ए३२० सुद्धा मुख्यतः पंख्याच्याच जोरावर उडतं. पुढच्या वेळी शिडी चढताना इंजिनाच्या तोंडाकडे नीट बघा. जवळपास दोन मीटर व्यासाचा पंखा दिसेल. ए३२० निओला, म्हणजे त्याच्या नव्या आवृत्तीला, दोन प्रकारची इंजिनं येतात. लीप इंजिनाच्या पंख्याला १८ पाती असतात, प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनाला २०. या पंख्याने ओढलेल्या हवेपैकी अगदी थोडी हवा आत ज्वलनकक्षात जाते. प्रॅटच्या इंजिनात आत जाणाऱ्या हवेच्या बारा पट हवा बाहेरच्या बाहेर, आगीचा स्पर्शही न होता मागे निघून जाते. विमानाला पुढे नेणारा बहुतेक रेटा या थंड हवेचा. आतली आग मुख्यतः पंखा फिरवण्याच्या कामाला लागते.

असं का करतात? विमान हवा मागे ढकलतं म्हणून पुढे जातं, वल्ह्याने पाणी मागे सारल्यावर होडी पुढे सरकते तसं. समजा १० हजार न्यूटन रेटा हवा आहे. सेकंदाला १०० किलो हवेचा वेग सेकंदाला १०० मीटरने वाढवा, तेवढा रेटा मिळतो. सेकंदाला १००० किलो हवेचा वेग फक्त १० मीटरने वाढवा, तरी तेवढाच मिळतो. पण उभ्या विमानाचा हिशेब धरला तर पहिल्या पद्धतीत त्या हवेला ५०० किलोवॉट द्यावे लागतात आणि दुसऱ्यात ५०. कारण रेटा वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. पुष्कळ हवा हळूच ढकलणं स्वस्त, थोडी हवा जोरात फेकणं महाग. गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्रवासी विमानांची इंजिनं त्याच दिशेने गेली आणि दर पिढीत पंखा मोठा होत गेला.

एटीआरचा बाहेरचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, ३.९३ मीटर व्यासाचा आहे. त्याला वेष्टण नाही, एवढंच. हवा ढकलण्याच्या हिशेबात तो ए३२०च्या पंख्याच्याही पुढे आहे.

अबोली, फोंडा

काका, छान लिहिलंय. पण मग सगळीच विमानं प्रॉपेलरची का नाहीत? आणि एटीआरच्या आत गाडीसारखं पिस्टनचं इंजिन असतं का?

हँगरकाका, वास्को

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही, आत गॅस टर्बाइनच आहे, जेटमध्ये असतं तसंच. समोरून आलेली हवा कंप्रेसर दाबतो, ज्वलनकक्षात इंधन फवारून सतत जळत राहतं, तापलेला वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतो. टर्बाइनचा एक भाग कंप्रेसर चालवतो. त्याच्यामागे आणखी एक स्वतंत्र टर्बाइन असतं, त्याचा दांडा गिअरबॉक्समधून प्रॉपेलरला जातो. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, प्रॉपेलर फार तर १२००. एका इंजिनाची ताकद सुमारे अडीच हजार अश्वशक्ती. इंधनही दोन्हीकडे एकच, एटीएफ, म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच म्हणा. वर कडाक्याची थंडी असते, म्हणून ते उणे ४७ अंशांपर्यंत गोठणार नाही असं बनवतात.

आता पहिला प्रश्न. अडचण पात्यांच्या टोकांशी येते. १२०० फेऱ्यांना एटीआरच्या पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २४७ मीटर वेगाने गोल फिरतं. वर गेल्यावर फेरे हजाराच्या खाली आणतात, टोकाचा वेग २०० वर येतो. त्यात विमानाचा पुढे जाण्याचा वेग, सेकंदाला १४० मीटर, काटकोनात मिळवला की होतात साधारण २४५. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ३१५ च्या आसपास, म्हणजे मधे भरपूर अंतर आहे. हाच प्रॉपेलर ए३२०च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २३० मीटरने पुढे नेला तर टोकं ३०० च्या वर जातात, ध्वनीच्या वेगाला भिडतात. मग हवेचा विरोध एकदम वाढतो, गोंगाट वाढतो, कार्यक्षमता ढासळते. ए३२०च्या पंख्याला वेष्टण आहे. आत शिरणारी हवा आधी संथ होते आणि पंख्याला झेपेल अशा वेगाने त्याच्यापर्यंत पोहोचते.

म्हणून दिल्लीला जायचं तर जेट. सहाशेच्या आसपास किलोमीटरसाठी, आणि लक्षद्वीपच्या अगत्तीसारख्या सव्वा किलोमीटरच्या धावपट्टीसाठी, एटीआर. फ्लाय ९१ या विमान कंपनीने मार्च २०२४ मध्ये मोपाहून सेवा सुरू करताना हीच विमानं घेतली, त्यामागचा हिशेब हा आहे. ए३२० तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळतं, एटीआर पाऊण टनाच्या आसपास.

रात्रपाळी, वेर्णा

इंजिन पुढे ढकलतं हे कळलं, पण वर उचलतं कोण? शाळेत शिकलेलं आठवतं ते असं: पंखाची वरची बाजू फुगीर, त्यामुळे वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोहोचायचं म्हणून ती जोरात धावते, जोरात धावली की दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं.

फिजिक्सच्या_बाई, म्हापसा

हे उत्तर उच्च माध्यमिकची मुलंही दरवर्षी लिहितात आणि मी दरवर्षी खोडते. वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी पोहोचायचं असा निसर्गात कुठेही नियम नाही. पवनबोगद्यात धूर सोडून पाहिलं की वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोहोचलेली दिसते. शिवाय फुगवटा एवढंच कारण असतं तर कसरतीची विमानं उलटी उडालीच नसती.

वरचा दाब कमी असतो हे खरं, वरची हवा वेगाने जाते हेही खरं. पण मुळाशी आहे ते हवा खाली वळणं. पंख थोडा तिरका असतो, हवा त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून वाहते आणि मागच्या कडेवरून खालच्या दिशेने निघते. पंखाने हवेला खाली लोटलं, हवेने पंखाला वर लोटलं. दाबातला फरक आणि हवेचं खाली वळणं ही एकाच घटनेची दोन मापं आहेत, त्यावर भांडायचं कारण नाही.

आणि इथेच स्टॉल समजतो. तिरकेपणा वाढवत नेला तर उचल वाढत जाते, पण साधारण पंधरा अंशांच्या पुढे हवा वरच्या पृष्ठभागाला चिकटून राहत नाही, सुटते. उचल एकदम कमी होते. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. इंजिन पूर्ण जोरात असतानाही स्टॉल होऊ शकतो. त्यावर उपाय एकच, नाक खाली करायचं. मनाला पटायला अवघड आहे, म्हणूनच वैमानिकांकडून त्याचा पुन्हा पुन्हा सराव करून घेतात.

रात्रपाळी, वेर्णा

म्हणजे वैमानिक जेव्हा ‘चालवतो’ तेव्हा तो नक्की काय हलवत असतो?

फिजिक्सच्या_बाई, म्हापसा

पंखांच्या टोकाशी एलिरॉन नावाच्या हलत्या पट्ट्या, त्यांनी विमान एका कुशीवर कलतं. शेपटीच्या आडव्या भागावर एलिव्हेटर, त्याने नाक वर-खाली. उभ्या शेपटीवर रडर, त्याने नाक डावी-उजवीकडे. विमान वळतं ते मुख्यतः कलून. उचल थोडी बाजूला झुकते आणि तीच विमानाला वळणात ओढते. लँडिंगच्या आधी पंखाच्या मागून घरघरत बाहेर येतात ते फ्लॅप. कमी वेगातही पुरेशी उचल मिळावी म्हणून ते असतात.

एटीआरमध्ये चाकासारखं कंट्रोल आहे आणि त्याच्या हालचाली तारा आणि दांड्यांमधून एलिरॉनपर्यंत जातात. ए३२०मध्ये बाजूला छोटी काठी असते, तिचा इशारा संगणकाकडे जातो आणि संगणक हायड्रॉलिक्सला, म्हणजे दाबलेल्या तेलावर चालणाऱ्या यंत्रणेला, सांगतो. सगळं सुरळीत असताना तो संगणक वैमानिकाला स्टॉलच्या कोनापर्यंत जाऊच देत नाही. ए३२० पहिल्यांदा १९८७ मध्ये उडालं तेव्हा प्रवासी विमानात ही मोठी उडी होती.

चिखलीकर

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या घरावरून ए३२० गेलं तर बोलणं थोडं थांबवावं लागतं, पण हंसाची, म्हणजे दाबोळीच्या नौदल तळाची, लढाऊ मिग उठली की भांडी थरथरतात. मिग केवढी लहान! मग आवाज एवढा का?

हँगरकाका, वास्को

वरच्या हिशेबाचीच ही दुसरी बाजू. मिग-२९केच्या इंजिनात बाहेरून जाणारी हवा आतल्या हवेच्या निम्मीच असते. म्हणजे थोडी हवा, पण भयंकर वेगाने. उड्डाणाच्या वेळी वर आफ्टरबर्नर, म्हणजे टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन फवारून पेटवायचं. लाइटहिल या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं की झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या जवळपास आठव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट केला तर आवाजाची ताकद अडीचशे पटींच्या वर जाते. तुमची भांडी थरथरतात ती त्या आठव्या घातामुळे.

लढाऊ विमानाला इंधन वाचवण्यापेक्षा ध्वनीच्या पुढे जाणं आणि जहाजाच्या छोट्या डेकवरून उठणं महत्त्वाचं. आपल्या हंसा तळावर जमिनीवरच विमानवाहू जहाजासारखा चढाचा रॅम्प आणि उतरणाऱ्या विमानाचा हूक अडकवून त्याला थांबवणाऱ्या तारा बांधलेल्या आहेत. १३ सप्टेंबर २०१९ ला नौदलासाठीच्या तेजसने पहिल्यांदा तार पकडली ती इथेच, गोव्यात. अशा लँडिंगमध्ये चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन कमी करत नाही, पूर्ण जोरात नेतो. हूक चुकला तर पुन्हा उडता आलं पाहिजे.

दिगंबर, डिचोली

मुलांना घेऊन बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात जायचा विचार आहे. काय बघायचं हे कुणी सांगेल का? गेल्या वेळी मुलं नुसते फोटो काढून परतली.

हँगरकाका, वास्को

जरूर जा. इंजिनांचा जवळजवळ सगळा इतिहास तिथे उघड्यावर मांडलेला आहे, फक्त क्रमाने बघा.

सुरुवात सुपर कॉन्स्टेलेशनपासून. तीन शेपट्यांचं ते मोठं विमान आधी एअर इंडियाकडे होतं, मग हवाई दलाकडे, शेवटी नौदलाकडे टेहळणीसाठी. चार पिस्टन इंजिनं, प्रत्येकात १८ सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन वर्तुळांत. धुराड्यातून वाया जाणारा वायू पकडून तीन छोटी टर्बाइन फिरवायची आणि ती ताकद परत मुख्य दांड्याला द्यायची, इथपर्यंत त्यांनी मजल मारली होती. पिस्टन इंजिनातून याच्या पलीकडे फारसं काही निघत नव्हतं. मुलांना सांगा की जुनं पंख्याचं विमान म्हणायचं तर ते हे.

मग सी हॉक. याच्या शेपटीकडे जाऊन धुराडं शोधायला सांगा. सापडणार नाही. इंजिन मधोमध आहे, पण झोताचे दोन भाग करून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढलेत. पंखाच्या पुढच्या कडेला हवा आत घ्यायची भोकं आणि त्याच पंखाच्या मागे झोताची तोंडं. आत रोल्स रॉइसचं नीन इंजिन, शुद्ध टर्बोजेट, सगळी हवा आगीतून जाणारी. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले ते या सी हॉकनी.

त्याच काळातलं अलिझे बघा, तेही विक्रांतवरचं. समोर प्रॉपेलर, पण आत पिस्टन नाही, रोल्स रॉइस डार्ट टर्बाइन. पाणबुड्या शोधायला तासन् तास समुद्रावर फिरायचं असायचं, मग जेट कशाला? एकाच जहाजावर एकाच काळात जेट आणि टर्बोप्रॉप (टर्बाइनने फिरणारा प्रॉपेलर) दोन्ही होती, ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. विहीणबाईंना मी हेच समजावत होतो.

शेवटी सी हॅरियर, आणि इथे मात्र वेळ द्या. अंगावर दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्यांची तोंडं दिसतील, खाली वळू शकणारी. पुढच्या दोन तोंडांतून पंख्याची थंड हवा येते, मागच्या दोनांतून तापलेला वायू. चारही खाली वळवली की विमान हवेत उभं राहतं. पण उभ्या विमानाच्या पंखांवरून हवा वाहत नाही, मग एलिरॉन, एलिव्हेटर काय कामाचे? म्हणून नाक, शेपटी आणि पंखांच्या टोकांना छोटी छिद्रं ठेवली आहेत. इंजिनातली दाबलेली हवा त्यातून सोडून तोल सांभाळतात. ती छिद्रं मुलांना शोधू द्या. २०१६ मध्ये ही विमानं हंसावरूनच निवृत्त झाली.

अबोली, फोंडा

माझ्या आजोबांना पोर्तुगीज काळातलं दाबोळी आठवायचं. तेव्हा ‘टाइप’ (TAIP) या पोर्तुगीज गोव्याच्या विमान कंपनीची विमानं कराचीला जायची, तीही पिस्टनचीच असणार. आता भीतीचा प्रश्न विचारते. उडताना एक इंजिन बंद पडलं तर? आणि दोन्ही?

हँगरकाका, वास्को

एक बंद पडलं तर विमान उरलेल्या एकावर वर चढू शकलंच पाहिजे, नाहीतर त्याला प्रवासी न्यायचा परवानाच मिळत नाही. दर उड्डाणाआधी वजन, तापमान, वारा, धावपट्टी धरून एक वेग काढतात, व्ही-वन. त्याच्या आत बिघाड झाला तर थांबायचं, त्यानंतर झाला तर उडायचं आणि हवेत गेल्यावर निस्तरायचं. एटीआरमध्ये बंद पडलेल्या बाजूची पाती वळून हवेला कडेने सामोरी जातात, त्याला फेदरिंग म्हणतात. तसं केलं नाही तर तो मोठा पंखा वाऱ्याने नुसताच फिरत राहून विमानाला मागे ओढेल. उड्डाणाच्या वेळी हे आपोआप होतं.

दोन्ही बंद पडली तरी विमान दगडासारखं पडत नाही. उंचीचा वेग करत ते घसरत येतं. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं ए३३० इंधनगळतीने अटलांटिकवर पूर्ण कोरडं पडलं. ३०६ जण आत. सुमारे १९ मिनिटं इंजिनाशिवाय तरंगत ते पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर उतरलं आणि सगळे वाचले. अशा वेळी ए३३०सारख्या विमानाच्या खालून एक छोटी पवनचक्की बाहेर येते आणि कंट्रोलपुरती ताकद पुरवते.

पेडणेकर_बाब

पावसाळ्यात मोपावर उतरता उतरता आमचं विमान पुन्हा वर उचललं. अर्ध्या लोकांनी देवाचं नाव घेतलं. इंजिनात पाणी जाऊन विझत नाही का?

हँगरकाका, वास्को

बाब, तो गो-अराउंड. धावपट्टी दिसली नाही, वारा फिरला, वेग जमला नाही, पुढचं विमान हललं नाही, काहीही कारण असेल तर वैमानिकाने वर जावं हीच शिकवण आहे. तसं करणारा वैमानिक चांगला. आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात तर मी त्याची वाटच बघतो.

पाण्याचं म्हणाल तर फिरता पंखा थेंबांना बाहेरच्या कडेकडे फेकतो. बरंचसं पाणी त्या थंड हवेबरोबर बाहेरच्या बाहेर जातं, आगीपर्यंत पोहोचत नाही. जोराच्या पावसात ठिणगी पाडणारे इग्नायटर सतत चालू ठेवतात. आणि प्रमाणपत्राआधी इंजिनावर पाण्याचा मारा करून पाहिलेला असतो.

रात्रपाळी, वेर्णा

बॅटरीवरची विमानं कधी येणार? गोव्यात निम्म्या स्कूटर बॅटरीच्या झाल्यासारख्या वाटतात.

फिजिक्सच्या_बाई, म्हापसा

एक किलो एटीएफमध्ये साधारण १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, एक किलो चांगल्या बॅटरीत पाव. टर्बाइन त्यातलं बरंच उष्णतेत घालवतं हे धरूनही फरक विसेक पटीचा राहतो. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. २०२० मध्ये युरोपात दोन आसनांच्या एका विजेच्या विमानाला, पिपिस्ट्रेलच्या व्हेलिसला, प्रमाणपत्र मिळालं. ते पन्नासेक मिनिटं उडतं. शिकाऊ वैमानिकांना पुरतं, जळगावला जायला नाही.

अबोली, फोंडा

काका, शेवटचा प्रश्न. मागे एटीआरमध्ये चढताना पाहिलं, उजव्या बाजूच्या इंजिनाचा आवाज येत होता पण पंखा जागचा हलत नव्हता. काही बिघाड होता का? आणि सीट कुठली घ्यावी?

हँगरकाका, वास्को

बिघाड नव्हता. त्याला हॉटेल मोड म्हणतात. ए३२०च्या शेपटीत छोटं जादा इंजिन असतं, जमिनीवर वीज आणि एसी त्यावर चालतं. एटीआरला ते नाही. म्हणून उजव्या प्रॉपेलरला ब्रेक लावून धरतात आणि आतलं टर्बाइन चालू ठेवतात. वर सांगितलं ना, प्रॉपेलरचं टर्बाइन वेगळं, कंप्रेसरचं वेगळं, म्हणून हे जमतं. प्रवाशांचा दरवाजा डावीकडे मागे आहे, त्यामुळे त्या बाजूला काही फिरत नसतं.

सीट मागच्या भागात घ्या. पात्यांच्या रेषेतल्या ओळींत आवाज जास्त असतो, मागे कमी, आणि उतरायला दारही जवळ. पंख डोक्यावर असल्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं.